खरवडलेला सूर

म्युकेबाईंचं जे झालं ते मी शांतपणे सांगेन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्याने आत्ताच उठावं. मला ते जमत नाही. माझी बहीण म्हणते, "गुद्रून, अगं एका सुरासाठी किती जीव जाळशील?" मी तिला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या थडग्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव कोरलं असतं, तर एका नावासाठी काय एवढं, असं म्हणाली असतीस का?" तेव्हापासून ती फोनवर फक्त हवापाण्याचं बोलते.

तर एल्फ्रीडे म्युके. लाइप्झिगच्याच. वडील ट्राम चालवायचे, आई शाळेत पोरांना गाणं शिकवायची, आणि बाई मात्र गाणं सोडून गाण्याच्या कागदांच्या नादी लागल्या. विद्यापीठातून बाहेर पडल्या त्या थेट आमच्या संस्थेत आल्या आणि पांढऱ्या केसांनीच बाहेर पडल्या. आमच्या संस्थेत हॉयबेलच्या समग्र संगीताचं संपादन चालायचं. हॉयबेल हा संगीतकार इथलाच, अडीचशे वर्षांपूर्वीचा. माणूस लिहायचा घाईत, कागद वाचवायला दोन्ही बाजूंनी, आणि शाईसुद्धा हलकी. त्याच्यानंतर त्याच्या मुलांनी नकला केल्या, शिष्यांनी नकलांच्या नकला केल्या, छापणाऱ्यांनी आपापलं शहाणपण त्यात घातलं. ते सगळे कागद समोर ठेवून, एकेका ठिपक्यासाठी भांडून, हॉयबेलने मुळात काय लिहिलं होतं ते ठरवायचं, हे आमचं काम. ठरवायचं. या शब्दाखाली मी रेघ मारते, कारण हल्ली ते कुणाला नकोय.

आमची वाचायची एक रीत होती. बाहेरच्यांना ती वेडेपणा वाटते. छपाईचं कच्चं पान आलं की आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचे, बाई कच्च्या पानावर पेन्सिलीचं टोक फिरवायच्या. आणि वाचायचं शेवटाकडून. शेवटचा खण, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा, तो आधी, मग त्याच्या मागचा, असं करत पहिल्या खणापर्यंत. "व्हायोला. अर्धा सूर, गंधार. विश्रांती. पाव सूर, रिषभ, वर ठिपका." असं तासन् तास. अर्धा, पाव ही सुराची लांबी. सुरुवातीकडून वाचलं की मनात गाणं वाजायला लागतं, आणि एकदा गाणं वाजलं की कान आपल्याला हवं ते ऐकवतो, डोळा कानाच्या मागे जातो आणि चूक बिनबोभाट निसटते. उलटं वाचलं की गाणंच उरत नाही, नुसते सूर उरतात. कुणी चुकून गुणगुणलं की बाई पेन्सिल आपटायच्या. "टीमेबाई, गायचं असेल तर चर्चमध्ये जा. इथे काम चाललंय."

हो, टीमेबाई म्हणजे मीच. त्या मला टीमेबाई म्हणायच्या, मी त्यांना म्युकेबाई. इतकी वर्षं एका टेबलावर बसलो, त्यांच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला मी त्यांचा हात धरून चालले, पण अहोचं अगं झालं नाही. ना त्यांना गरज वाटली, ना मला.

त्यांचा नवरा हॉर्स्ट ट्रामच्या कारखान्यात होता. संगीताचं त्याला वावडं. "दुसऱ्याने केलेल्या चुका जपून ठेवायला पगार मिळतो माझ्या बायकोला," असं तो चारचौघांत सांगायचा. बाई म्हणायच्या, "तू ट्रामचे ब्रेक तपासतोस ना? तसंच. फक्त माझी ट्राम घसरली तर कुणी मरत नाही, म्हणून मला जास्त लक्ष द्यावं लागतं."

आता त्या सुराचं सांगते.

हॉयबेलची मुलगी लहानपणी गेली. तिच्यासाठी त्याने एक शोकगान रचलं. त्यात "नीज, माझ्या लेकरा" असं एक कडवं आहे, ते दोनदा येतं. चाल तीच, शब्द तेच. पहिल्या वेळी सगळं गोड. दुसऱ्या वेळी "नीज" या शब्दावर वर बायका शुद्ध गंधार गात असतात आणि त्याच क्षणी खाली व्हायोला, ती व्हायोलिनची जाड आवाजाची थोरली बहीण, कोमल गंधार धरते. दोन्ही एकदम. अंगावर काटा येतो. दात करकरतात. एकाच खणात, आणि मग पुन्हा सगळं गोड. दीडशे वर्षं सगळ्या छापील प्रतींनी ती जागा "सुधारून" टाकली होती. पहिल्या वेळी शुद्ध आहे ना, मग दुसऱ्या वेळीही शुद्धच असणार, म्हाताऱ्याच्या हातून चुकलं असेल! आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी खोड. दोन जागा सारख्या दिसल्या की हात शिवशिवतो, दुसरी पहिलीसारखी करून टाकावीशी वाटते.

बाईंना ते पटत नव्हतं. पण हॉयबेलचं मूळ हस्तलिखित होतं बर्लिनच्या भिंतीच्या पलीकडे, पश्चिम जर्मनीत. आमच्याकडे होती एक फिल्म, तीही अंधुक. त्या जागी नुसता काळपट डाग दिसायचा. बाईंनी त्या डागाकडे बघत तरुणपण घालवलं म्हटलं तरी चालेल. परवानगीचे अर्ज केले, नाकारले गेले. भिंत पडली तेव्हा अख्खं लाइप्झिग पलीकडे खरेदीला धावलं. हॉर्स्टला नवी ड्रिल मशीन हवी होती. बाईंनी त्याला स्टेशनवर सोडलं आणि स्वतः त्या ग्रंथालयात गेल्या.

परत आल्या तेव्हा कोट न काढता माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "टीमेबाई, त्याने खरवडलंय."

"कुणी? काय?"

"हॉयबेलने. आधी शुद्धच लिहिला होता त्याने. मग चाकूने खरवडला आणि त्याच जागी कोमल लिहिला. कागद तिथे इतका पातळ झालाय की उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसते." आणि ही बाई, जी मी कधी रडताना पाहिली नव्हती, रुमाल शोधायला लागली. "त्याला ते आधी गोड लिहून झालं होतं, हो. मग त्याला ते सहन झालं नाही."

तो खंड छापून झाला. पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात: संपादन, एल्फ्रीडे म्युके. लगेच संगीत-संचालकांची पत्रं आली, छपाईत चूक राहिली आहे म्हणून. बाई प्रत्येकाला एकच ओळ लिहायच्या: "चूक नाही. ऐकायची सवय करा."

मग आम्ही निवृत्त झालो आणि संगणक आला. म्हणजे संगणक आधीच आला होता, पण आता सगळे खंडच त्यात घालायचे ठरले. संस्थेचा नवा प्रमुख डॉ. ऑस्टरलो. हसतमुख, सायकलवरून येणारा, बायांना दार उघडून धरणारा. राग यावा इतका तो वाईट नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. दुष्ट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

आणि खोटं कशाला बोलू, बाईंना तर आनंद झाला होता. "बघा टीमेबाई," मला म्हणाल्या, "मी त्या फिल्मवर डोळे फोडले. आता कुठल्याशा खेड्यातली पोर घरबसल्या हॉयबेलचं अक्षर बघेल. फुकट. आपल्याला मिळालं असतं तर!" संगणक म्हणजे सैतान, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. ते मीही म्हणत नाही. सुरीने भाकरी कापता येते आणि बोटही. दोष सुरीचा नसतो.

उद्घाटनाला आम्हाला बोलावलं होतं. ऑस्टरलोने मोठ्या पडद्यावर दाखवलं, इथे दाबलं की हस्तलिखित, इथे दाबलं की पहिली छापील प्रत, आणि इथे दाबलं की संगीत वाजतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी शेजारून माझ्या कानात विचारलं, "उलटं कुणी वाचलं हे सगळं?"

"वाचलं असेल कुणीतरी."

"विचारा ना."

मी फराळाच्या टेबलाशी ऑस्टरलोला गाठलं आणि विचारलं. तो हसला. "टीमेबाई, आता वाचायची गरज नाही! यंत्र वाजवून दाखवतं, आम्ही ऐकतो. चूक असली की लगेच कानाला कळते."

मी बाईंकडे परत गेले आणि तो काय म्हणाला ते सांगितलं. त्यांनी हातातला केक खाली ठेवला, टोपी घेतली. "चला," म्हणाल्या. "आपल्याला काम आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. त्यांच्या भाच्याने दिलेला संगणक टेबलावर, शेजारी जुना छापील खंड, मधे कॉफी. मी पडद्यावरून वाचत होते, त्या पुस्तकावर पेन्सिल फिरवत होत्या. शेवटाकडून. बसून बसून पाठ भरून आली, पण उठावंसं वाटत नव्हतं. ते कडवं दुसऱ्यांदा येतं तिथे आलो. मी वाचलं, "व्हायोला. अर्धा सूर, गंधार."

पेन्सिल थांबली.

"पुन्हा वाचा."

"अर्धा सूर, गंधार. शुद्ध."

"कोमलाची खूण?"

"नाही, म्युकेबाई. खूणच नाही."

त्या उठून माझ्या पाठीमागे आल्या. पडद्यावर बोट टेकवून बघत राहिल्या, जसा काही तो कागद होता. मग म्हणाल्या, "हरामखोरांनी सुधारला." बाईंच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. खाली मात्र ठळक अक्षरात होतं: संपादन, एल्फ्रीडे म्युके.

काय झालं होतं ते ऑस्टरलोनेच आम्हाला सांगितलं, त्याच्या खोलीत, कॉफी पुढे करत. खंड यंत्रात घालताना यंत्र ठिकठिकाणी ठेचकाळत होतं. म्हणून त्याला शिकवून ठेवलं होतं, की एखादी चाल दुसऱ्यांदा आली आणि तिथे थोडा फरक दिसला, तर पहिल्या वेळेसारखं करून टाक. आमच्या धंद्यातली ती जुनी खोड त्यांनी यंत्राला लावून दिली होती. आणि मग काय, सगळ्यांनी ऐकून पाहिलं. गोडच वाजणार की ते!

"तुमचं बरोबर आहे, म्युकेबाई," ऑस्टरलो म्हणाला. "शंभर टक्के. या गंधारावरचा तुमचा लेख मी विद्यार्थी असताना वाचलाय. पण जुन्या खंडाची छायाचित्रंही आम्ही ठेवलीच आहेत. ज्याला हवं तो तिथे दाबून बघेल. आता आम्ही वाचकाला ठरवू देतो."

"वाचकाने काय ठरवायचं?" बाई म्हणाल्या. "त्याला काय माहीत तिथे काही ठरवायचं आहे म्हणून? खड्डा बुजवून टाकलात आणि म्हणता, ज्याला हवं त्याने खणून बघा!"

"चूक कळवायचं बटण आहे."

"दाबलं ते. आभार मानले तुमच्या यंत्राने. पुढे?"

त्याने कप खाली ठेवला. मग जे बोलला ते त्याला बोलायला आवडत नव्हतं, हे मला दिसत होतं. प्रकल्पाची मुदत वर्षअखेर संपत होती. त्यानंतर सगळं गोठवून ठेवायचं होतं, जसं आहे तसं, कायमचं. कुणी हात लावायचा नाही. आणि आत्ता एक सूर बदलायचा तर नियमाप्रमाणे अख्खं शोकगान पुन्हा तपासून, पुन्हा मंजूर करून घ्यावं लागेल, आणि ते करायला त्याच्याकडे माणूस उरला नव्हता.

"मी आहे," बाई म्हणाल्या. "ही टीमेबाई आहे. आम्ही वाचतो. सबंध. फुकट."

"तुम्ही आता संस्थेत नाही आहात ना. तुम्हाला आत प्रवेश देता येत नाही."

आत प्रवेश! ज्या खोलीत बसून तो हे बोलत होता, त्या खोलीचे पडदे बाईंनी स्वतः शिवले होते. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग माझं नाव काढा. सूर दुरुस्त करा, नाही तर नाव काढा. दोन्हीपैकी एक. खोट्या सुराखाली माझं नाव मी राहू देणार नाही."

खाली रस्त्यावर आलो तेव्हा मी म्हटलं, "म्युकेबाई, हे काय बोलून बसलात?"

"घाबरू नका. त्यांना माझं नाव काढायचं धाडस होणार नाही. लोक विचारतील, या बाईचं नाव का गेलं? मग उत्तर द्यावं लागेल. त्यापेक्षा सूर बदलणं सोपं." आणि त्या चक्क हसल्या. त्यांना खात्री होती. आमच्या पिढीला अशीच खात्री असते, की आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी संगणक उघडून ती जागा बघायच्या. मला फोन यायचा, "अजून नाही." मग नाताळ जवळ आला, गल्ल्यांमध्ये भाजलेल्या बदामांचा वास सुटला, आणि एका सकाळी फोन नेहमीपेक्षा लवकर आला. मी म्हटलं, "काय झालं? बदलला?"

"बदललं," त्या म्हणाल्या. "नाव काढलंय."

मी धावत गेले. पडद्यावर ती जागा तशीच होती, अर्धा सूर, गंधार, शुद्ध. खाली लिहिलं होतं: संपादन, संस्था. एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तिथूनच ऑस्टरलोला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी दुःखी आवाजात म्हणाला, "टीमेबाई, पण बाईंनीच सांगितलं होतं ना? सूर आमच्या हातात नव्हता. नाव होतं. नाव नुसतं पानाच्या तळाशी असतं, त्याला मंजुरी लागत नाही. मला वाटलं, निदान त्यांची एक तरी इच्छा पुरी करावी."

मी फोन ठेवला. बाईंना विचारलं, "काय म्हणू मी या माणसाला?"

"काही म्हणू नका. कॉफी घेणार?"

वर्ष संपलं आणि सगळं गोठलं. कुणी विचारलं नाही, या बाईचं नाव का गेलं. एकानेही नाही. मी वाट बघत होते, एखाद्या विद्यापीठातून, एखाद्या मासिकातून तरी. कुणाला पडली होती?

गुड फ्रायडेला आमच्याकडच्या मोठ्या चर्चमध्ये हॉयबेलचं शोकगान ठेवलं होतं. मी म्हटलं, नको जायला. बाई म्हणाल्या, "मी दर वर्षी जाते. यंदा काय म्हणून नको?" काळा कोट, काळे हातमोजे, तशाच नेहमीच्या बाकावर बसलो. वादकांपुढे कागद नव्हते, सगळ्यांच्या पुढे त्या चपट्या उजळ पाट्या. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं: नव्या, सर्वांसाठी खुल्या आवृत्तीवरून. दर वर्षी त्या ओळीत बाईंचं नाव असायचं.

ते कडवं एकदा झालं. दुसऱ्यांदा सुरू झालं. मी बाईंकडे बघितलं नाही. "नीज" आलं आणि गेलं. गोड. व्हायोलावाल्या पोरीने तो शुद्ध गंधार इतका हळुवार धरला की माझ्या पुढची म्हातारी डोळे पुसायला लागली. आणि सांगू? मलाही ते सुंदर वाटलं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. खोटं जर बेसूर वाजलं असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. एका बापाने लेकीसाठी चाकू घेऊन जे खरवडून काढलं, ते यांनी परत आणून त्याच्याच तोंडात घातलं, आणि ते ऐकायला गोड लागलं.

गुड फ्रायडेला संगीत संपलं की टाळ्या वाजवायच्या नसतात. कुणी उठत नाही, कुणी खोकत नाही. घंटा होईपर्यंत सगळं चर्च गप्प बसतं. त्या शांततेत म्युकेबाई उभ्या राहिल्या.

"हे त्याचं नाही!" त्या म्हणाल्या. मोठ्याने. आवाज वर कमानीत जाऊन परत आला. "हे हॉयबेलने लिहिलेलं नाही!"

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी "श्शू" केलं. संगीत-संचालकाने मागे न वळता मान तेवढी खाली घातली. मी त्यांची बाही धरली, सोडली, पुन्हा धरली. मी पण उभी राहिले, एकटं काय उभं ठेवायचं त्यांना.

बाकाच्या टोकाला एक सभ्य गृहस्थ बसले होते, मांडीवर पत्रिका, चष्मा नाकावर. त्यांना राग आला नव्हता. त्यांनी पत्रिका उघडून बघितली, मग बाईंकडे वर बघून अगदी मृदू आवाजात विचारलं, "माफ करा, पण आपण कोण?"

बाईंनी पत्रिकेकडे बोट केलं.

"तिथे माझं नाव होतं," त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी पुन्हा पत्रिकेत शोधलं, पान उलटलं, परत पहिल्या पानावर आले. त्यांना काही सापडलं नाही. मग बाईंना बरं वाटत नसावं असं समजून त्यांनी गुडघे बाजूला घेतले आणि आम्हाला बाहेर जायला वाट करून दिली.